पाटलांच्या गोठ्यातली पॅराशूटची गाडी

शिवाजी पेठेत माझं गॅरेज होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण शटर आता थोरला मुलगा उघडतो आणि मी दुपारी जाऊन खुर्चीत बसतो. चाळीस वर्षं दुचाकी दुरुस्त केल्या. गेल्या काही वर्षांत मात्र माझ्याकडं वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलंय. गोठ्यात, माळ्यावर नाहीतर विहिरीच्या कडेला पडलेली एखादी जुनी गाडी कुणाला तरी सापडते. ती कुठली, कधीची, पुन्हा उभी राहील का, हे सांगायला सदा मिस्त्रीला बोलवा, असं कुणीतरी म्हणतं. सदा मिस्त्री म्हणजे मी.

ह्या कामातली सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मालक. कोल्हापुरात कुठलीही गंजलेली गाडी संस्थानातलीच असते. एकानं मला दुधाच्या किटल्या वाहून वाहून कंबरेत वाकलेली मोपेड दाखवली आणि सांगितलं, "दरबारातनं आलीया." मी म्हटलं, "पावणं, ही गाडी बाजारात आली तवा संस्थान विलीन होऊन पाक जुनं झालतं." तर म्हणाला, "म्हणून तर आमाला देऊन टाकली की!"

म्हणून मी आधी गाडीला विचारतो, मग मालकाला. गाडी ओळखायची म्हणजे तिच्यावरचं नाव वाचायचं नसतं. नाव कुणीही चिकटवतं. आधी नट बघायचे. जुन्या विलायती गाडीच्या नटाला इंची पाना लागतो, पुढच्या गाड्यांना मिलिमीटरचा. मग नखानं रंग उकरायचा. वरचा रंग मालकाचा असतो, त्याखालचा त्याच्या बापाचा, आणि सगळ्यात खालचा कारखान्याचा. शेवटी हँडलखाली फ्रेमच्या मानेवर नंबर ठोकलेला असतो, तो घासून वाचायचा. एवढं केलं की गाडी बोलते. ती काय बोलली ते मी तोंडी सांगतो, लिहून देत नाही. आयुष्यात एकदाच लिहून दिलं, सहीशिक्क्यानिशी, आणि ते साफ चुकलं. त्याची ही हकीकत.

तानाजीराव पाटील माझ्याकडं आले ते भर दुपारी. वय पन्नाशीचं, शर्टाला कडक इस्त्री. गावच्या दूध संस्थेचे सचिव असल्यामुळं साधं बोलले तरी ठराव वाचल्यासारखं वाटायचं. त्यांनी मोबाईलमध्ये फोटो दाखवला. फोटोत भाताचं पिंजर, म्हशीचे मागचे दोन पाय आणि त्या पायांमागं एक छोटं चाक दिसत होतं.

"आमच्या आबांची गाडी हाय. लढाईतली," ते म्हणाले.

"कुठल्या लढाईतली?"

"जर्मनच्या."

संस्थानातली म्हणाले नाहीत, म्हणूनच मी खुर्चीतून उठलो.

आणि अजून एक कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत गुडघ्याएवढ्या छोट्या मोटारसायकली बनवल्या होत्या. विमानातनं पॅराशूटनं खाली सोडायच्या, शिपायानं हँडल उघडायचं आणि बसून सुटायचं. तरुणपणी एका इंग्रजी मासिकात मी तसल्या गाडीचं चित्र बघितलं होतं. तेव्हापासनं मनात होतं की मरायच्या आत अशी एक गाडी आपल्या हातानं चालू करायची. आता माणसानं असं काही मनात धरलं, की त्याचे डोळे कामातनं गेले म्हणून समजावं. पण ते मला त्या दिवशी कोण सांगणार?

तानाजीरावांचं गाव राधानगरीच्या पुढं, रस्ता जंगलात शिरायच्या आधी. त्या बाजूचा पाऊस असा की लोखंडाचं बिस्कीट होतं. गाडी शिल्लक राहिली ती गोठ्यातल्या पिंजराच्या उबेमुळं. आम्ही आत गेलो तेव्हा तिच्या फ्रेमला गंगी नावाची म्हैस बांधलेली होती आणि सीटच्या जागेवर कोंबडी अंडी उबवत होती. कोंबडी हटली. गंगी हटेना. तानाजीरावांनी दोरी सोडली, ओढली, शेपूट पिरगाळलं, तरी ती गाडीला अंग लावून उभीच.

"लहानपणापास्नं हितंच बांधलीया तिला," दारातनं आवाज आला. तानाजीरावांच्या आत्या, आक्का. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, ताठ, डोळे बारीक. आबा म्हणजे आक्कांचे वडील, तानाजीरावांचे आजोबा.

शेवटी गंगीला पेंडीचं घमेलं दाखवून बाजूला घेतलं आणि मी पिंजर काढलं. मी गाडीशेजारी उकिडवा बसलो. खरंच गुडघ्याएवढी! दोन-स्ट्रोकचं छोटं इंजिन, त्याचे नट इंची पान्यात चपखल बसले. म्हणजे विलायती. दिवा नाही, नंबरप्लेटची जागाही नाही. फौजी गाडीला कशाला लागते? मी मोठ्यानं एकेक गोष्ट वाचत गेलो आणि तानाजीराव मोबाईलमध्ये माझं बोलणं भरून घेत राहिले.

"क्लच न्हाय, ब्रेक न्हाय," ते म्हणाले.

"वजन वाचवाय. इमानातनं टाकायची की."

"पाय ठेवायच्या जागा भाकरीच्या तव्याएवढ्या हायत."

"फौजी बूट असत्यात. चिखलात घसरू नयेत म्हणून."

ॲक्सिलरेटर फिरवायचा नव्हताच, एका स्क्रूनं कायमचा पक्का केला होता. मी म्हटलं, शिपायाचे हात बंदुकीला मोकळे पाहिजेत. मागच्या बाजूला स्पार्क प्लगच्या वायरीला जोडलेली एक खटकी होती आणि तिला कुजलेल्या दोरीचा तुकडा. मी सांगितलं, शिपाई पडला तर दोरी ओढली जाऊन गाडी आपोआप बंद. हँडल फक्त डावीकडं वळत होतं, उजवीकडं लोखंडी अडणी आडवी येत होती. ती घडी घालण्यासाठी. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं. एवढा हुशार मी पुन्हा कधी झालो नाही.

"आणि ह्या कड्या?" आक्कांनी विचारलं. हँडलच्या दोन्ही मुठींभोवती मनगट जाईल एवढ्या लोखंडी कड्या होत्या.

"थंडीत जाड हातमोजं घालत्यात, आक्का. हात निसटू नये म्हणून."

"हातमोजं व्हय?" आक्का म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, वडिलांच्या आठवणीनं भरून आलं.

मग मी फ्रेमची मान घासली. गंजाखालनं एकच आकडा वर आला. इंग्रजी नऊ. नऊ नंबर! म्हणजे विलायतेत बनलेल्या पहिल्या दहातली गाडी!

सोप्यात चहा घेताना तानाजीरावांनी भिंतीवरचा आबांचा फोटो दाखवला. पिळदार मिशा, गळ्यापर्यंत बटणं, दोन्ही खांद्यांवर झालरी. झालरी जरा जास्तच लांब होत्या, पण इंग्रजांच्या फौजेचं कुणी सांगावं? आबा लढाईच्या दिवसांत घर सोडून गेले, वर्षातनं एकदा रजेवर यायचे आणि आक्का सात-आठ वर्षांच्या असताना ही गाडी घेऊन कायमचे परत आले. लढाई तोवर केव्हाच संपली होती, पण फौज कुठं लगेच सोडते? लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत.

"खरा शिपाई बोलत न्हाय," मी म्हटलं.

तानाजीरावांचे डोळे भरले. ते म्हणाले, "मिस्त्री, एवढं लिहून द्या." आणि मी दिलं. गॅरेजच्या कागदावर, शिक्का मारून, 'सदर वाहन दुसऱ्या महायुद्धातील विलायती पॅराशूट पथकाचे असून त्याचा क्रमांक नऊ आहे, असे चाळीस वर्षांच्या अनुभवावरून प्रमाणित करतो.' 'प्रमाणित करतो' हे लिहिताना काय मजा वाटली म्हणून सांगू!

गाडी टेंपोत घालून पेठेत आणली. झेंडावंदनाच्या दिवशी गावच्या शाळेच्या मैदानावर आबांच्या गाडीचं दर्शन आणि तानाजीरावांचं भाषण ठरलं. माझ्या हातात दोन महिने होते.

तिसऱ्या दिवशी तानाजीरावांचा फोन आला. मला वाटलं काम कुठवर आलं विचारतील.

"मिस्त्री, गंगी दूध देईना."

"मी काय करू?"

"तुमी गाडी नेली की! ती त्या जागंकडं बघून हंबरतीया."

मी कुठल्याही यंत्राचं दुखणं सांगेन, पण म्हशीचं माझ्याकडं आलेलं हे पहिलंच. शेवटी गॅरेजमागच्या भंगारातनं एका मोपेडची फ्रेम काढली, तिच्यावर जुनं ऑईल फासलं आणि दूधगाडीबरोबर पाठवून दिली. दोन दिवसांनी निरोप आला की गंगीनं फ्रेम हुंगली, अंग लावलं आणि पान्हा सोडला. माझ्या हातचं पहिल्या फटक्यात चालू झालेलं तेवढंच काम.

इकडं गाडी उलगडत होती आणि मला आतनं काहीतरी टोचत होतं. जुनी गाडी सोडवताना तिचा कारखाना कळतो. विलायती फ्रेमची नळी आतनं गुळगुळीत असते. हिच्या नळीला आत शिवण होती, चक्क पाण्याच्या नळाचा पाइप. मी स्वतःला समजावलं, लढाईचे दिवस, लोखंडाची टंचाई. जोड बघितले तर वेल्डिंग ओळखीचं वाटत होतं, आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत करतात तसं. म्हटलं, वेल्डिंग जगभर सारखंच.

मग एका दुपारी इंजिनाच्या बाजूचं साखळीवरचं झाकण सोड्याच्या पाण्यात उकळायला टाकलं. वरची काजळी, ग्रीस, शेणाचा थर सगळं निघालं. झाकण पुसून उलटं केलं. आतल्या अंगाला, बिडातच ओतलेली, बोटाएवढी उठावदार अक्षरं होती.

गणू.

मी खाली बसलो. जेवायला बोलवायला आलेली बायको माझ्या खांद्यावरनं वाकून वाचायला लागली.

"गणू," ती म्हणाली. "हा कोण इंग्रज?"

मी फ्रेम उजेडात नेली आणि मानेवरचा आकडा पुन्हा घासला. इंग्रजी नऊचं शेपूट डावीकडं वळतं. ह्याचं तिरपं उजवीकडं गेलं होतं. तो नऊ नव्हताच. आपला मराठी एक होता.

चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मराठी एक वाचता आला नव्हता, कारण तो इंग्रजी नऊ शोधत होता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

बिडात नाव ओततो तो पॅटर्न करणारा. कुठलाही भाग ओतायचा तर आधी सुतार त्याचं लाकडी रूप कोरतो, त्याला पॅटर्न म्हणतात. ते वाळूत दाबून साचा करतात आणि त्यात रस ओततात. म्हणजे गणू हा कुणीतरी सुतार, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला असणार. झाकण पिशवीत घालून मी उद्यमनगरात चार ठिकाणी फिरलो. तरुण पोरांना काही कळेना. एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "पेठ वडगावच्या भूपाल आण्णांना इचारा. त्यांच्या वडलांची फौंड्री हुती. आण्णा हायत अजून, फकस्त ऐकू कमी येतंय."

फकस्त हा शब्द त्यानं उगाच वापरला होता. भूपाल आण्णा नव्वदीचे, पांढरीशुभ्र टोपी, बंद पडलेल्या फौंड्रीच्या अंगणात खाटेवर बसलेले.

"आण्णा," मी ओरडलो, "तुमच्याकडं गणू म्हणून पॅटर्नवाला हुता का?"

"पाणी? आत माठ हाय, घ्या की."

"गणू! गणू!"

"हळू बोला, भैरा न्हाय मी."

मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बघितलंच नाही, नुसतं उलटं केलं आणि आतनं बोटं फिरवली. बोटं अक्षरांवर थांबली. आण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता उठून नाचतात.

"अस्वलाची गाडी!" ते गरजले. "आरं, कुठं घावली?"

"कुणाची?"

"अस्वलाची! सोनीची!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. आण्णा तेव्हा विशीतले. वडगावात एका सर्कशीचा मुक्काम होता. एके सकाळी सर्कशीतला एक माणूस फौंड्रीत आला, पिळदार मिशा, झालरीचा कोट, नाव आबा. म्हणाला, मोटारसायकल बनवून पाहिजे. आण्णांच्या वडिलांनी विचारलं, चालवणार कोण? तो म्हणाला, बाहेर उभी हाय. आणि दोरीनं अस्वल आत घेऊन आला.

"मग?"

"मग काय? आमी सगळी पत्र्यावर. बाबा तिजोरीवर. खाली एकटा गणू, कारण त्याचा पाय अधू हुता, त्याला चढता येईना. आबा म्हणाला, माप घ्या. गणूनं टेप काढली. सोनीनं टेप खाल्ली."

"खाल्ली?"

"निम्मी. मग आबानं तिला गूळ दिला आणि गणूनं सुतळीनं माप घेतलं. हात, मांडी, बूड. भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं. आमी वरनं बघतोय. बूड सगळ्यात जास्त भरलं!"

इंजिन त्यांनी फवारणीच्या एका विलायती पंपाचं बसवलं. म्हणूनच माझा इंची पाना बसला होता. बाकी सगळं गणूचं. मुठींभोवतीच्या कड्या सोनीचे पंजे अडकवायला. तव्यासारख्या जागा तिच्या पावलांना. वेग पक्का केलेला, कारण अस्वलाच्या हातात ॲक्सिलरेटर कोण देईल? अडणी लावली कारण सर्कशीच्या रिंगणात गाडी गोलच फिरायची, डावीकडं. आणि खटकीच्या दोरीचं दुसरं टोक आबांच्या हातात. खेळ संपला की आबा शेजारनं धावायचा, दोरी ओढायचा, गाडी बंद.

"एक नंबर घातला हुता मानंवर," आण्णा म्हणाले. "दुसरी तिच्या पिल्लासाठी करायची ठरलीती. पर सोनीच गेली आजारानं. आबा हितं ह्या खाटंवर बसून रडलाय. सर्कशीचा मालक गाडी भंगारात घालाय निघालता, यानं मागून घेतली आणि गावाकडं गेला."

"त्यानं घरात लढाईवर हाय म्हणून सांगिटलंतं, आण्णा."

"मग काय सांगणार? पाटलाचं पोरगं अस्वलामागं फिरतंय म्हणून?"

मी गणूबद्दल विचारलं. कधीच गेला, मागं कुणी नाही. "हात लई चांगला," आण्णा म्हणाले, "पर नाव बाहीरनं घालायचा न्हाय. आतल्या अंगाला घालायचा. म्हणायचा, उघडंल त्याला दिसंल."

परत येताना बसमध्ये मला स्वतःची एवढी लाज वाटली की कंडक्टरनं विचारलं, आजोबा बरं वाटत नाही का. वडगावातल्या एका सुतारानं अस्वलाच्या मापानं अख्खी गाडी घडवली, आणि मी त्याच मुलखातला मिस्त्री, तिचं सगळं श्रेय विलायतेला देऊन शिक्का मारून मोकळा झालो होतो.

आता तानाजीरावांना सांगणं आलं. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. गाडी पूर्ण करून, झेंडावंदनाच्या चार दिवस आधी, टेंपोत घालून मीच घेऊन गेलो. गावच्या कमानीवर फलक लागला होता, 'शौर्याचा वारसा'. खाली आबांचा झालरीचा फोटो, त्याखाली तानाजीरावांचा, आणि कोपऱ्यात माझाही. माझ्या नावापुढं 'तज्ज्ञ' लिहिलं होतं.

सोप्यात बसून मी सगळं सांगितलं. तानाजीरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"अस्वल?" ते म्हणाले.

"व्हय."

"माझा आबा अस्वलाचा..." मग ते उसळले. "तुमीच लिहून दिलंय की! सहीशिक्क्यानं!"

"चुकलं माझं. तो कागद परत द्या. मी चार लोकांत माफी मागतो."

"माफी मागून माझा आबा परत लढाईवर जाणार हाय का?" ते खोलीभर फेऱ्या मारायला लागले. मग थांबले, आवाज खाली आणला. "हे कुणाकुणाला ठावं हाय? तुमाला आणि मला. तेवढ्यातच राहू द्या."

"वडगावच्या आण्णांना ठावं हाय."

"म्हंजे तिघं."

"चौघं," आतनं आवाज आला. आक्का उंबऱ्यावर येऊन बसल्या. "मला सोनीचं नावबी ठावं हाय. गाडी शिकिवताना आबा माझी मनगटं त्या कड्यांत घालायचा आणि म्हणायचा, सोनी अशीच धरायची. मी इचारलं, सोनी कोण? तवा सांगिटलं. आयनं शप्पत घातली, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून."

"आत्या, तू एवढी वर्सं गप बसलीस? मी भाषणं केली गावात!"

"लई रंगून करत हुतास. ह्यो मिस्त्री हातमोजं म्हणाला तवा मला ऱ्हावंना, पर गप बसले."

"गावात तोंड कसं दाखवू मी?"

आक्का तशा शांतच होत्या. "बंदूक तर कुणाच्याबी हातात देत्यात, तानाजी. तू अस्वलाला गाडी चालवाय शिकवून दाव. न्हाय जमणार. तुला तुझ्या पोराला सायकल शिकवाय जमली न्हाय."

तानाजीराव उठून बाहेर निघून गेले. कागद परत दिला नाही. काय करणार तेही बोलले नाहीत. मी निघताना त्यांच्या मागं जाऊन एवढंच सांगितलं, "गाडी नुसती दाखवा. चालवू नका. ती डावीकडंच वळती आणि दोरी वढल्याबिगर थांबत न्हाय." त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

झेंडावंदनाच्या सकाळी मी गेलो. जावं लागलं, फोटो होता ना फलकावर. मैदान भरलेलं. मधोमध झेंड्याचा खांब, त्याच्याशेजारी लाल रंगात चमकणारी गाडी. प्रमुख पाहुणे म्हणून शेजारच्या गावचे निवृत्त सुभेदार, खरे फौजी, छातीवर पदकं.

तानाजीरावांनी माईक घेतला. "आमचे आबा," ते म्हणाले आणि थांबले. "आमच्या आबांची ही लढाईतली गाडी..."

माझी मान खाली गेली. बायकांत बसलेल्या आक्कांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात गर्दीतनं आरोळ्या सुरू झाल्या, "चालवून दाखवा! चालवून दाखवा!" सरपंचही म्हणाले, होऊन जाऊ दे. तानाजीराव भाषण विसरले की भाषणातनं सुटायला बघत होते, देव जाणे, पण माईक ठेवून ते गाडीवर बसले. गुडघे कानाला लागले. चौघांनी मागनं ढकललं, इंजिन फटफटलं, आणि गाडी सुटली.

पहिला फेरा झाला, टाळ्या. दुसरा झाला, शिट्ट्या. तिसऱ्या फेऱ्याला तानाजीराव हँडल उजवीकडं वळवायला धडपडत होते. मनगटं कड्यांत अडकलेली. गाडी एकसारख्या वेगानं झेंड्याच्या खांबाभोवती गोल गोल फिरत होती. पाचव्या फेऱ्याला त्यांची टोपी उडाली. सातव्याला ते ओरडले, "मिस्त्री!"

"दोरी वढ!" आक्का जागेवरनं ओरडल्या. "शेजारनं पळ आणि दोरी वढ!"

मी सत्तरीचा माणूस. चप्पल फेकली आणि गाडीशेजारनं धावायला लागलो. एक फेरा मी नुसताच धावलो, दोरी हाताला लागेना. मैदानात हसून हसून लोक आडवे झालेले. दुसऱ्या फेऱ्याला दोरीचं टोक गावलं, मी ओढलं, गाडी फुस्स करून थांबली. तानाजीराव तसेच कड्यांत हात अडकून बसलेले, धापा टाकत.

गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, "आरं, सर्कस हाय काय ही?"

तानाजीरावांनी त्या दिशेला बघितलं. मग माझ्याकडं, मग आक्कांकडं. मनगटं सोडवली, जाऊन माईक घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "सर्कसच हाय."

आणि त्यांनी सांगितलं. ठरावाच्या भाषेत नाही, साधं. आबा, सोनी, गूळ, खाल्लेली टेप, सगळं. सांगता सांगता ते स्वतःच हसले, आणि सोनी गेली तेव्हा आबा वडगावात रडले होते तिथं आले तेव्हा त्यांनी माईक जरा खाली घेतला आणि मग पुढं बोलले. आक्का ह्या खेपेला खरोखरच डोळे पुसत होत्या. भाषण संपल्यावर लोक एवढा वेळ टाळ्या वाजवत होते की शाळेची घंटा दोनदा द्यावी लागली.

मी सुभेदारांच्या पाया पडायला गेलो. म्हटलं, "साहेब, माफ करा, कागद मी दिला होता."

"फोटोतल्या झालरी बघूनच वळखलंतं," ते म्हणाले. "पर तवर पेढा खाल्लेला. मग कसं बोलायचं?"

पुढच्या आठवड्यात तानाजीरावांचाच फोन आला. वडगावला जायचंय म्हणाले, गाडी घेऊन, आक्कांना घेऊन. भूपाल आण्णांना आधी कळवलं नव्हतं. टेंपो अंगणात उभा राहिला, गाडी खाली उतरवली. आण्णा काठी टेकत आले. त्यांनी टाकीवर हात फिरवला, कड्यांवर, तव्यांवर.

"बसून दावू का, आण्णा?" तानाजीरावांनी ओरडून विचारलं. ह्या खेपेला ते मनापासून बसले. मनगटं कड्यांत घातली, मी मागनं ढकललं, दोरीचं टोक हातात घेतलं आणि शेजारनं धावलो. फौंड्रीच्या अंगणात गाडीनं तीन फेरे घातले. मी दोरी ओढली.

आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही सगळे त्यांच्याजवळ गेलो. आक्कांनी त्यांचा हात धरला. काहीतरी मोठं बोलणार असं वाटून तानाजीराव गाडीवरूनच पुढं वाकले.

आण्णांनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं.

"बरं चालवता, पावणं," ते म्हणाले. "पर ती जरा ताठ बसायची."